गुरुवारची निरीक्षणं

उंदीर दांडीवर टांगायचा नसतो, ठेवायचा असतो. आमच्या सरांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. टेबलापासून चार बोटं उंच अशी एक आडवी दांडी असते. उंदराचे पुढचे दोन पाय अलगद त्या दांडीवर ठेवायचे, मागचे दोन टेबलावरच राहू द्यायचे, हात काढून घ्यायचा आणि स्टॉपवॉच दाबायचं. काहीच न दिलेला उंदीर लगेच खाली उतरतो, 'हिला दुसरं काम नाही का' अशा नजरेनं आपल्याकडे बघतो आणि कोपरा गाठतो. हॅलोपेरिडॉल दिलेला उंदीर उतरत नाही. तो तसाच राहतो, कठडा धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्यासारखा. झोपलेला नसतो, बेशुद्धही नसतो. डोळे उघडे असतात, मिशा हलत असतात. खाली उतरावं असं त्याला वाटतही असेल, पण वाटण्यापासून करण्यापर्यंतची वाट बंद झालेली असते. तो किती वेळ तसा राहतो तेवढं मोजायचं. दोन वर्षं मी हेच केलं आणि त्यावर मला एम.फार्म.ची पदवी मिळाली.

ती वाट चालू ठेवणारं जे द्रव्य मेंदूत असतं त्याला डोपामाइन म्हणतात. आता जो तो उठून मोबाईलवर डोपामाइनबद्दल शहाणपण शिकवतो. तेव्हा हा शब्द डॉक्टर आणि आमच्यासारखे काही फार्मसीवाले सोडले तर कुणाच्या तोंडात नव्हता. समोरच्या टेबलावर माझी मैत्रीण उलटं काम करायची. तिचं औषध डोपामाइन वाढवायचं. तिचे उंदीर तासन्‌तास एकच जागा हुंगत, पिंजऱ्याची तार चावत, एकाच लयीत मान हलवत बसायचे. एका टेबलावर पुतळे आणि दुसऱ्यावर चळ लागलेले. त्यांच्यामध्ये उभ्या राहून आम्ही दोघी कुणाच्या साखरपुड्याला कुठली साडी नेसायची ते ठरवायचो. तेव्हा त्यात काहीच विचित्र वाटलं नाही.

हॅलोपेरिडॉल हे माणसांचं औषध. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात अशी ज्यांची खात्री झालेली असते, त्यांना ते देतात. आवाज थांबतात. पण काहींचं त्याबरोबर अंगही ताठरतं, चेहरा कोरा होतो, पावलं घासत पडतात, तोंडातून लाळ येते. माझा विषय असा होता की एका झुडपाच्या पाल्याचा अर्क आधी पाजला तर उंदरांचा हा ताठरपणा कमी होतो का. झुडपाचं नाव मी इथे लिहिणार नाही. कुणीतरी करून बघेल अशी भीती वाटते, आणि ही भीती मला पुस्तकातून आलेली नाही.

त्या वर्षांत पुण्यात शिकलेल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी एकच शब्द होता: सॉफ्टवेअर. हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उठत होत्या. आमच्या सदाशिव पेठेतल्या बिल्डिंगमधली दोन मुलं अमेरिकेत गेली होती आणि तिसऱ्याच्या आईनं त्याच्या व्हिसाची बातमी जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकवली होती. मी मात्र उंदरांशी खेळत होते. आमची आई म्हणायची, "उंदरांचा बंदोबस्त करायला एवढं शिकावं लागतं होय? किराणा दुकानात गोळ्या मिळतात." पण माझ्याही नशिबी हिंजवडी होतीच. परदेशातल्या औषध कंपन्यांची कागदपत्रं तपासायचं काम आता पुण्यात येऊ लागलं होतं, आणि अशा एका नव्या कंपनीनं आमच्या कॉलेजात येऊन मला निवडलं. अट एकच होती: रुजू होण्याच्या तारखेआधी प्रबंध सादर झालेला हवा. त्या तारखेवर माझा जीव टांगला होता, हे मी आधीच सांगून ठेवते. त्यानं माझी चूक लहान होत नाही.

आमच्या कॉलेजच्या प्राणीघराचं सगळं एक मामा बघायचे. पुण्यातल्या कॉलेजांत शिपायांना, लॅबमधल्या माणसांना मामाच म्हणतात; तसे ते मामा. मूळचे यवतमाळकडचे, पन्नाशीचे, कोथरूडच्या टेकडीला लागून असलेल्या वस्तीत राहायचे. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं हे त्यांचं काम. पण उंदीर धरायला खऱ्या अर्थानं मला त्यांनीच शिकवलं. शेपटीला हिसका दिलेला त्यांना खपायचा नाही. "मॅडम, त्याले भेव वाटते ना," असं म्हणून ते उंदीर माझ्या हातातून काढून घ्यायचे आणि तळहातावर बसवून परत द्यायचे. मी त्यांच्या मुलीहून जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठी, तरी त्यांनी मला कधी मॅडमशिवाय हाक मारली नाही.

आता त्या खोलीबद्दल. प्राणी आणायचे, औषध द्यायचं आणि मोजायचं अशी एकच खोली होती आणि मागणाऱ्या आम्ही सातजणी. वार वाटून घेतलेले होते. मला मंगळवार, बुधवार आणि गुरुवार मिळाला होता. गुरुवार मिळाला, कारण तो कुणालाच नको होता. पुण्यात दर गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नसायची. ज्यांच्या कामाला यंत्रं लागत त्यांना गुरुवार बिनकामाचा. माझं काम स्टॉपवॉचवर चालायचं. म्हणून मी तीन गट तीन दिवसांना वाटून टाकले. मंगळवारी नुसतं हॅलोपेरिडॉल दिलेले उंदीर. बुधवारी त्याच्याबरोबर ताठरपणावरची नेहमीची गोळी दिलेले. ती गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, वेड्यांच्या इस्पितळातला प्रत्येक डॉक्टर ती ओळखतो. आणि गुरुवारी माझ्या अर्कवाले. खरं तर गट असे वारावर पाडायचे नसतात, सगळ्या दिवसांत मिसळायचे असतात. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं.

मंगळवारचे उंदीर दांडीवर पुतळ्यासारखे राहत. बुधवारचे लवकर उतरत. आणि गुरुवारचे? गुरुवारचेही उतरत. बुधवारच्याइतके झटपट नाही, पण उतरत. पहिल्या गुरुवारी मी स्टॉपवॉच दोनदा झटकून पाहिलं. तिसऱ्या गुरुवारी सरांना बोलावून दाखवलं. सर एरवी कौतुकाच्या बाबतीत अतिशय काटकसरी, ते म्हणाले, "बरं आहे. म्हणजे अगदीच वाया नाही गेलीस." मी ते वाक्य घरी जाऊन तिघांना सांगितलं.

मामाही बघायला येऊन उभे राहायचे. गुरुवारी त्यांना एक काम जास्त असायचं. प्राणीघराचे पंखे बंद पडू नयेत म्हणून भिंतीच्या पलीकडे डिझेलचा जनरेटर होता, तो सुरू करायचा. तो सुरू करून फडक्याला हात पुसत ते आत यायचे आणि माझ्या टेबलाशी थांबायचे. पहिल्यांदा एक उंदीर दांडीवरून पाय काढून खाली उतरला तेव्हा ते एकदम म्हणाले, "उतरला! मॅडम, उतरला थो!" मला हसू आलं. एवढा आनंद सरांनासुद्धा झाला नव्हता. मग त्यांनी मला मुलीबद्दल सांगितलं.

मुलगी एकोणीस वर्षांची. बारावी झाल्यावर तिला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीतून कुणीतरी तिला नावानं हाका मारायचं. सरकारी इस्पितळात नेल्यावर गोळ्या सुरू झाल्या. मामांनी खिशातून कागद काढून दाखवला. त्यावर माझ्या मंगळवारच्या उंदरांचंच औषध लिहिलेलं होतं. आवाज बंद झाले, पण पोरगी लाकूड झाली. "दारात उभी केली का उभीच रायते, मॅडम. घास तोंडात तसाच धरून बसते. मी तुमच्या उंदराले पाह्यलं ना, तवाच वळखलं. आमची पोरगी अशीच हाय." मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलं का हे? तर म्हणाले, तिथे रांग एवढी असते, डॉक्टर म्हणतात आवाज थांबले ना, मग छान आहे.

त्याच क्षणी मी त्यांना बुधवारची गोळी सांगायला हवी होती. ती माझ्या मागच्या कपाटातच होती. पण मी माझ्या अर्काच्या आनंदात होते. मला वाटलं, आता होतीलच निष्कर्ष, मग सांगू सविस्तर. माणसाला स्वतःचं काम किती गोड लागतं याला काही सीमा नसते.

पुढे एका गुरुवारी कॉलेजला सुट्टी आली. मी तो गट शुक्रवारी घेतला. शुक्रवारी वीज होती. मी अर्क पाजला, हॅलोपेरिडॉल दिलं, वेळ होऊ दिला, पहिला उंदीर दांडीवर ठेवला आणि तो उतरलाच नाही. दुसरा उतरला नाही. सहाच्या सहा उंदीर मंगळवारसारखेच उभे राहिले. मला वाटलं अर्क खराब झाला. नवा केला. पुढच्या गुरुवारी परत घेतला तर सगळे उतरले. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि एक उंदीर पुन्हा दांडीवर ठेवला. तेवढ्यात भिंतीपलीकडचा जनरेटर घरघरत थांबला. डिझेल संपलं होतं. खोली गप्प झाली आणि माझा उंदीर दांडीवरच राहिला. मी बघत होते. स्टॉपवॉच चालू होतं. बाहेर मामांनी डिझेल ओतलं, दोरी ओढली, जनरेटर धडधडला, माझं टेबल भिंतीला टेकलेलं होतं ते थरथरलं, आणि उंदीर पाय काढून खाली उतरला.

मी टेबलावर हात ठेवला. तळहाताला ती थरथर स्पष्ट लागत होती. इतके गुरुवार मी तिथे कोपर टेकून लिहीत होते आणि ती मला कळली नव्हती. हा प्रयोग शांत खोलीत करायचा असतो, हादऱ्यानं, आवाजानं उंदराची ती अवस्था मोडते, हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं आहे. माझा अर्क काहीच करत नव्हता. उंदरांना जनरेटर उतरवत होता.

काय करायला हवं होतं हे सांगायला शहाण्याची गरज नाही. टेबल हलवायचं, गट मिसळायचे, सगळं पहिल्यापासून करायचं. त्याला चार महिने लागले असते आणि हिंजवडीची तारीख सहा आठवड्यांवर होती. मी शुक्रवारचा कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. पक्क्या वहीत उतरवला नाही. सरांना बोलले नाही. मैत्रिणीला बोलले नाही. स्वतःशी असं म्हणाले की उंदरांचं तर काम आहे, कोण वाचतंय माझा प्रबंध, तो ग्रंथालयात धूळ खात पडणार. पुण्यातल्या निम्म्या प्रबंधांबद्दल हे खरंही असेल. माझा मात्र एक वाचक होता, आणि तो रोज माझ्या टेबलाशी हात पुसत उभा राहत होता.

आठवड्याभरानं मामा गावाहून आले ते कापडी पिशवी घेऊन. पिशवीत पाला होता. "थे झाड आमच्या वावराच्या धुऱ्यावर लय हाय, मॅडम. बकऱ्या खात नाईत त्याले. हाच ना?"

मी एक पान चुरगळून वास घेतला. तोच होता. मी म्हणाले, "हाच."

"मंग मी तिले देऊ? गोळ्या चालूच ठेवतो. जोडीले देतो."

खोलीत आम्ही दोघंच होतो. सकाळची वेळ, वार सोमवार, जनरेटर बंद. मी फक्त एवढं म्हणायचं होतं: मामा, हा पाला काही करत नाही, माझ्याकडून मोजण्यात चूक झाली. त्यांनी ते कुणाला सांगितलंही नसतं. पण मला वाटलं की एकदा तोंडातून निघालं की ते खरं होईल आणि मग मला ते सरांनाही सांगावं लागेल. म्हणून मी गोळीचं काढलं. म्हणाले, "त्यापेक्षा मामा, डॉक्टरांकडून ताठरपणाची दुसरी गोळी लिहून घ्या. ती चांगली असते."

"आनखी एक गोळी? नाई मॅडम. गोळीनंच तं लाकूड केलं तिचं. आन् ह्याचं तं मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."

यावर बोलायला माझ्याकडे खरं सोडून काहीच नव्हतं आणि ते मी बोलले नाही. "तरी डॉक्टरांना विचारा," म्हणाले. आमच्या धंद्यात हे वाक्य सगळ्यांच्या खिशात असतं. मग त्यांनी विचारलं, किती पाल्याला किती पाणी, किती आटवायचं. मी सांगितलं. मी स्वतः, माझ्या तोंडानं, माप सांगितलं. त्यांनी ते पिंजऱ्याच्या नोंदींच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. मी एक आकडा दुरुस्तही केला.

पुढचे दिवस मी मुलीबद्दल विचारायचं टाळत होते आणि मामा आपणहून सांगत होते. आठ दिवस झाले, फरक नाही. पंधरा झाले, नाही. मग एके सकाळी ते पेढे घेऊन आले. आधी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मग बोलले. "काल पोरीनं सोताची वेनी सोता घातली, मॅडम. दोन वेन्या. आरशात पाहून हसली."

मी विचारलं, "मामा, गोळ्या चालू आहेत ना?"

"पहिले अर्ध्या केल्या. मंग बंदच केल्या. काढा असल्यावर कायले पाहिजे?"

झालं काय होतं ते मला लख्ख दिसत होतं. आमचे पिंजऱ्यातले उंदीरही दुसऱ्या दिवशी मोकळे व्हायचे, औषध अंगातून गेलं की. मुलीचं अंग मोकळं झालं ते गोळी थांबल्यामुळे, पाल्यामुळे नाही. आणि गोळी थांबली म्हणजे आवाज कधी ना कधी परत येणार. मी म्हणाले, "गोळ्या बंद करू नका मामा, आवाज परत येतील हो." मी हे कळवळून म्हणाले, एकदा नाही, दोन-तीनदा म्हणाले. पण ज्या माणसानं मुलीला दोन वर्षांनी हसताना पाहिलं होतं, त्याला नुसत्या म्हणण्यानं काय होणार? त्याला थांबवू शकणारं वाक्य एकच होतं आणि ते घडी घालून माझ्या पर्समध्ये होतं. मामा म्हणाले, "खा ना मॅडम." मी पेढा खाल्ला.

त्या आठवड्यात मी प्रबंध बांधायला टाकला. काळा कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. आभाराच्या पानावर मामांचंही नाव होतं. तो प्रबंध सादर करून मी मोकळी झाले, आणि माझे उरलेले उंदीर कामाचे राहिले नाहीत म्हणून नियमाप्रमाणे मारून टाकले गेले. ज्यांनी माझं खोटं पाठीवर वाहिलं त्यांना बघायला मी गेले नाही. बरं वाटत नाही असं सांगितलं.

त्यानंतर चार दिवस मामा आले नाहीत. पिंजऱ्यांतल्या पाण्याच्या बाटल्या कोरड्या पडल्या, तेव्हा कळलं की काहीतरी झालंय. मुलगी सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडली आणि परतली नव्हती. आईला ती दोन दिवस आधीपासून सांगत होती की भिंतीतली बाई परत आली आहे. मामा आणि वस्तीतली माणसं टेकडी, कॅनॉल, स्टेशन सगळीकडे शोधत हिंडली. चौथ्या दिवशी ती स्वारगेटला सापडली, बस उभ्या राहतात त्याच्या मागच्या भिंतीशी बसलेली. पाय काचेनं कापला होता आणि चिघळला होता. दोन्ही वेण्या तिनं कुठून तरी कात्री मिळवून कापून टाकल्या होत्या. वडिलांनी हात धरला तर तिनं त्यांना ओळखलं नाही, ओरडून लोक गोळा केले. पोलीसचौकीत बापाला स्वतःची ओळख पटवून द्यावी लागली.

हे सगळं मला मामांनीच सांगितलं. मुलीला इस्पितळात ठेवून ते कामावर आले त्या दिवशी. मी दाखले घ्यायला कॉलेजात गेले होते. ते मला जिन्याखाली भेटले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला वाटलं आता हा माणूस मला बोलणार, आणि बोलला तर बरं होईल असंही वाटलं. त्यांनी खिशातून तो मापाचा कागद काढला.

"माझंच चुकलं, मॅडम. तुमच्या औषधाले बोल नाई. तुमी सांगतलं तसं मी आटवलंच नसन. नाईतर घडलं काहून असं?"

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. घामानं शाई फुटली होती, पण मी दुरुस्त केलेला आकडा वाचता येत होता. मी तो कागद बघितल्यासारखं केलं. मग म्हणाले, "हो मामा. मापच चुकलं असेल."

त्यांनी मान डोलावली. त्यांना बरं वाटलं असावं, कारण निदान कारण तरी मिळालं होतं. मी सोमवारी हिंजवडीला रुजू झाले.

तिथे माझं काम काय होतं ते सांगितलं तर कुणाला विनोद वाटेल. परदेशांतून औषधांच्या तक्रारी येतात, कुणाला गोळी घेऊन काय त्रास झाला त्या. त्या वाचायच्या आणि ठरवायचं की त्रास औषधामुळे झाला की दुसऱ्या कशामुळे. मी हे काम फार चांगलं केलं. माझ्या हाताखाली पुढे वीस जण आले. कुणी कागद दडवला, एखादी तक्रार उशिरा नोंदवली, तर मी त्यांना असं फैलावर घ्यायचे की नवीन मुलं माझ्या केबिनवरून जाताना चपला हातात घेतील की काय असं वाटायचं. कोथरूडला फ्लॅट झाला. मामांची वस्ती माझ्या गॅलरीतून दिसायची. चालत गेलं तर वीस मिनिटं. मी कितीदा ठरवलं की या रविवारी जाऊन सांगायचं. अनेक वर्षांत तो रविवार उगवला नाही.

मग एकदा पदवीच्या एका कागदासाठी कॉलेजात जावं लागलं. तिथल्या क्लार्कबाईंनी सहज सांगितलं की मामा दोन वर्षांपूर्वी गेले. हार्ट अटॅक. खरं लिहायचं तर ऐकल्याबरोबर मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. रिक्षात बसेपर्यंत ते वाटणं टिकलं. मग स्वतःची एवढी शिसारी आली की मी रिक्षावाल्याला घराच्या ऐवजी वस्तीचा पत्ता सांगितला.

दार उघडंच होतं. दुपारची वेळ होती. खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्यावर एका साडीला फॉल लावायचं काम चाललेलं. मशीनवर चाळिशीला टेकलेली एक बाई बसली होती, केस आखूड कापलेले. मी माझी ओळख सांगायच्या आत तीच म्हणाली, "तुम्ही कॉलेजच्या मॅडम ना? बाबांच्या ट्रंकेत तुमचा फोटो आहे, कॉलेजचा ग्रुप फोटो. बसा."

तिची भाषा पूर्ण पुण्याची झाली होती. हात थोडे थरथरत होते, पण टाका सरळ पडत होता. तिनं मला पाणी दिलं. तब्येत कशी आहे विचारल्यावर म्हणाली, "आता दोन गोळ्या आहेत. एक आवाजांची आणि एक अंग मोकळं राहायची. ती दुसरी तेव्हा इस्पितळात सुरू केली. पहिल्याच आठवड्यात माझे हात सुटले." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचं औषधही लागू पडलं होतं मला. वेणी घातलेली आठवते मला माझी. पण बाबांनी माप चुकवलं. सरळ लिहून दिलेलं माप, तेही नाही जमलं. मी खूप बोलले त्यांना, मॅडम. आमचं काहीही भांडण झालं की मी तिथेच यायची. शेवटच्या वर्षातसुद्धा. ते ऐकून घ्यायचे. कधी उलटून बोलले नाहीत."

मी ग्लास खाली ठेवला. मग मी तिला सांगितलं. जनरेटर, गुरुवार, शुक्रवारचा कागद, जिन्याखालचं माझं वाक्य, सगळं. मला वाटलं होतं त्याहून ते कमी वेळात सांगून झालं. शेवटी म्हणाले, "त्यांचं माप बरोबर होतं. मी तपासलं होतं."

तिनं साडी सुईखालून काढून मांडीवर घेतली.

"बाबांना हे माहीत होतं?"

"नाही."

"मग आता मला कशाला सांगताय?"

तिनं साडीचा काठ पुन्हा सुईखाली सरकवला, पायानं मशीन चालू केलं आणि मान वर न करता म्हणाली, "जाताना दार ओढून घ्या. मांजर आत येतं."

मी दार ओढून घेतलं.